कचेरीबाहेरच्या चपला

दिल्ली गेटपाशी पेरू घेत होते आणि खांबावरची डीपी उडाली. धाडकन आवाज झाला, निळ्या-पांढऱ्या ठिणग्या सांडल्या आणि अख्खा रस्ता एकदम खाली बसला. रिक्षावाला हँडलवर पालथा, कॉलेजच्या दोन पोरी एकमेकींच्या गळ्यात, आणि पेरूवाली तर टोपलीवर अशी आडवी पडली की जणू पेरू म्हणजे तिची पोटची पोरं. उभी होते ती मी एकटी. आणि मी हसत होते. ओठातल्या ओठात नव्हे, चांगली खळखळून, पिशवी पोटाशी धरून. पेरूवालीने मान वर काढली, आधी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याड लागलं का वो बाई? माजं काळीज पार पायात गेलं आन् तुमी हासताय?" मी पदर तोंडाला लावला, पैसे दिले, चालायला लागले. छाती धडधडत होती, पण ती भीतीने नव्हे. हाताला बारीक मुंग्या, कानांच्या पाळ्या गरम, आणि पोटातून वर चढत येणारं ते हसू. ही धडधड माझ्या ओळखीची होती. गेल्या महिन्यात आमची कचेरी जळाली तेव्हा कडुलिंबाखाली उभी असताना अगदी हीच, अशीच आली होती. आणि आज पाच वाजता, भरल्या सभागृहात, मला सांगायचं होतं की त्या दिवशी मला काय वाटलं.

मी यशोधरा, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. गेल्या महिन्यापर्यंत माझ्या गल्लीतही मला कुणी धड ओळखत नव्हतं. दूधवाला तर मला अजून शेजारच्या शिक्षिकाबाईच समजायचा. आता सावेडीत रिक्षात बसले की रिक्षावाला आरशात बघून विचारतो, "त्या जळालेल्या हाफिसातल्या बाई ना तुमी?" आणि उत्तराची वाट न बघता आपलं मत सांगून मोकळा होतो. सगळ्यांना मत आहे. न्हाव्याच्या दुकानात, वडापावच्या गाडीवर, टीव्हीवरच्या सहा चौकोनांत सहा माणसं एकदम ओरडतात तिथेही: सरकारी कचेरी पेटवणारांना दंगेखोर म्हणायचं का दहशतवादी? कलम कुठलं लावायचं, यावर वरती खल चालू आहे म्हणे. टायर जाळणारांचं कलम लागलं तर पोरं शिक्षा भोगून घरी येतील, लग्नंही होतील त्यांची. दहशतवादाचं लागलं तर जामीन नाही, खटला कधी उभा राहील ते देवालाही ठाऊक नाही, आणि सुटून आले तरी नावापुढचा तो शब्द सुटायचा नाही. आणि या सगळ्या खलाच्या मधोमध मी. कारण त्या कलमात म्हणे असं आहे की लोकांच्या मनात दहशत बसवण्याचा हेतू पाहिजे. आणि त्या दुपारी कचेरीत हजर असलेलं, चारचौघांत बोलू शकणारं मन एकच होतं, ते माझं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनाची कुणाला तरी एवढी गरज पडली होती. खोटं कशाला बोलू, मला त्याची मजा वाटत होती. मी नवी साडी नेसले होते.

चितळे रोडने चालत निघाले. रिक्षा केली असती तर लवकर पोचले असते, पण बसवेना. पाय आपोआप झपझप पडत होते, आणि डोळ्यांपुढे चितळे रोड नव्हताच, होता तो कालव्याच्या कडेचा आमचा दगडी बंगला. कोल्हारच्या अलीकडे, इंग्रजाच्या काळातला, जाड भिंतींचा, आत कायम ओल्या कागदाचा वास. माझी सगळी नोकरी तिथे गेली. काम काय, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांचे अर्ज घेणं. आमच्याकडे पाणी शेजपाळीने सुटतं, म्हणजे शेजाऱ्यामागे शेजारी, ज्याची त्याची पाळी. कागदावर फार सुंदर पद्धत आहे. पण वरच्या अंगाला उसाचे मालक, त्यांचे फोन, त्यांच्या पाळ्या लांबत जायच्या, आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या गावात पाणी पोचायचं ते एप्रिलच्या उन्हात वाफ होऊन. टेलची माणसं यायची, अर्ज द्यायची, मी लिहायचे, "कार्यवाही सुरू आहे." ओंकार त्यातलाच. विशीतला, काटकुळा, कपाळावर सतत केस. प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं की, यायचा. "बाई, पानी कुठवर आलं?" मी सांगायची, येतंय. तो म्हणायचा, "येऊ द्या मंग," आणि माझ्या टेबलावरच्या माठातलं एक फुलपात्र पाणी पिऊन जायचा. एकदा म्हणाला, "हे तरी पोचतंय टेलला." मी हसले होते, तोही हसला होता.

त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, बाकीचे जेवायला घरी गेलेले. कचेरीत मी आणि आमचे शिपाई छगनमामा. फाटकातून माणसं आली ती आधी मोर्चासारखीच आली, घोषणा वगैरे देत. वरच्या अंगाला परत पाणी वळवलं होतं आणि टेलच्या गावातला मका उभा वाळला होता. मग घोषणा थांबल्या, आणि ते थांबणंच वाईट होतं. दारात ओंकार आला. हातात रॉकेलचा कॅन. म्हणाला, "बाई, भाईर या." मी उठले तर म्हणाला, "डबा घ्या तुमचा." खरंच म्हणाला. मी डबा घेतला, पर्स टेबलावरच राहिली. बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभी राहिले आणि मागे धूर निघाला. कागदाची आग किती लवकर मोठी होते! खिडक्यांतून ज्वाळा बाहेर आल्या, माझे ते सगळे "कार्यवाही सुरू आहे" आत तडतडायला लागले, आणि मला हसू आलं ते त्या आवाजाने नाही. खाली बघितलं म्हणून आलं. कचेरीच्या दारापुढे चपला होत्या. ओळीने. प्लास्टिकच्या, टायरच्या, एक रबरी निळी, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. पोरांनी कचेरी पेटवायला आत जाताना दारात चपला काढल्या होत्या.

हे कुणाला समजावून सांगायचं? टीव्हीवरच्या त्या सहा चौकोनांना? आमच्याकडे कचेरीत चपला घालून जात नाहीत. नियम नाही, पाटी नाही. पण टेलचा माणूस आला की दारात चपला काढणार, टोपी असली तर टोपी काढणार, मग आत. पिढ्यान्‌पिढ्या. जाळायला आले तरी पाय ऐकेनात. आणि पळताना त्या विसरल्या, अनवाणी पळाले, कालव्याच्या भरावावरून, खड्यांवरून, उड्या मारत. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी त्या चपला गोणीत भरल्या. आणि त्याच संध्याकाळी ओंकार पोलीस चौकीत आला. स्वतःच्या पायाने, अनवाणी. "साहेब, आमच्या चपला ऱ्हायल्यात." ज्याच्या पायात त्या बसल्या तो धरला, बाकीच्यांची नावं त्यानेच सांगितली, त्यांच्या चपलाही मिळाव्यात म्हणून. टीव्हीवर एक जण सांगत होता की हा पूर्वनियोजित कट होता. मी उशीत तोंड खुपसून हसले, आणि हसता हसता रडू आलं, कारण त्या ओळीने ठेवलेल्या चपलांत मला आबांची दिसली होती.

माझे आबा, रंगनाथ. आमचीही जमीन टेलला, म्हणजे आबांच्या वाट्याची जेमतेम एक पट्टी. ते याच कचेरीत यायचे. बाकीचे चपला दारात काढायचे, आबा फाटकात काढायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. मी लहान होते, त्यांचं बोट धरून यायची, आणि फाटक ते दार एवढं अंतर आम्ही दोघं अनवाणी चालायचो. उन्हाळ्यात मुरूम असा तापायचा की मी त्यांच्या पायांवर पाय ठेवायची. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, आबांचं वाचन दांडगं, समाजमंदिरात भाषण करायला उभे राहिले तर लोक उठायचे नाहीत. पण फाटक आलं की पाय थांबायचे. मला त्याच कचेरीत नोकरी लागली तेव्हा ते एकदा डबा घेऊन आले. फाटकात थांबले, वाकले. मी खिडकीतून ओरडले, "आबा, घालून या!" ते हसले, मान हलवली, आणि चपला काढून हातात घेऊन आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले, एका हातात डबा, एका हातात चपला. तो बंगला जळताना मला हे सगळं आठवलं असं नाही, आठवायला वेळ कुठे होता. पण अंगाला आठवलं. आनंद झाला. लख्ख, उकळता, लाज नसलेला आनंद. मी हसत होते आणि ते कुणी पाहिलं नाही, एवढीच त्यात सोय होती. सगळ्यांचं लक्ष आगीकडे होतं.

भीती वाटली ती नंतर. आग विझल्यावर, साहेबांसकट आमची बदली नगरला झाल्यावर, साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला तेव्हा. आमचे साहेब कधी चहा मागवत नाहीत. म्हणाले, "यशोधराताई, घाबरला होतात ना? स्वाभाविक आहे. मग तसं म्हणायला काय जातं? जिवाच्या भीतीने गारठून गेले, एवढं एक वाक्य. परवा न्यायाधीशांपुढे जबाब आहे, त्याच्या आधी सभागृहातल्या परिसंवादात लोकांपुढे बोललात तर वजन येतं." मी म्हटलं, "आणि नाही म्हटलं तर?" ते हसले. "नाही कसं म्हणाल? सरकारी नोकर आहात. सरकारी कचेरी जळाली आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही, असं कसं?" काहीच वाटलं नाही असं मी कुठे म्हणत होते! त्या खोलीत एसी होता आणि मला तेव्हा गारठल्यासारखं झालं. ते वाक्य खरं करण्याची सोय साहेबांनीच करून ठेवली, असं मनात आलं आणि चहा नाकात गेला.

सभागृहाच्या पायऱ्यांशी भागूबाई उभी होती. ओंकारची आई. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण कपाळ तेच. फलकावर अहिल्यानगर, तोंडात नगर, अशा गर्दीत ती बाई कुणाकडेच बघत नव्हती, फक्त पायांकडे. माझे पाय दिसले तसं तिने वर बघितलं. "यशोधराबाई ना? म्या ओंकारची आई." मी थांबले. वाटलं, पाया पडेल, रडेल, हात धरेल. मी मनातल्या मनात मागे सरले. पण ती म्हणाली, "बाई, म्याच धाडला त्याला. नव्या चपला हुत्या, राहात्याच्या बाजारातून घेतलेल्या. म्हन्लं, टाकून आला व्हय रं? जा, घिऊन ये. त्यो न्हाई म्हनत हुता. म्याच धाडला." एवढंच. पुढे मागणं काही नाही. मला तिला सांगावंसं वाटलं की मी त्या चपला पाहिल्यात, सरळ ठेवल्या होत्या तुमच्या पोराने, टाचा जुळवून. पण नुसता तिचा हात दाबला आणि आत गेले, आणि माझ्या छातीत तीच ती धडधड दिल्ली गेटपासून न थांबता चालू होती.

मंचावर समई होती म्हणून पायऱ्यांपाशी सगळ्यांनी चपला काढल्या. निवृत्त पोलीस अधिकारी वैजनाथराव, त्यांचे चकचकीत बूट, संदीप वकील, त्यांच्या कोल्हापुरी, आणि मी. मला हसू फुटायला लागलं, ते मी खोकला करून गिळलं. चौथ्या रांगेत छगनमामा बसले होते, उजव्या हाताला पांढरं बँडेज. कचेरी जळत असताना ते पुन्हा आत गेले होते. का, तर कचेरी सोडताना दप्तरखान्याला कडी घालायची हे त्यांचं काम. जळत्या दप्तरखान्याला कडी घालायला गेले आणि तापल्या लोखंडाला तळवा चिकटला. हे मला नंतर, अँब्युलन्स आल्यावर कळलं. तेव्हापासून मामा दिवा लावून झोपतात, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं.

वैजनाथराव चांगलं बोलले. त्यांच्याशी भांडावंसं वाटेना असं. "आज बाहेर काढलं म्हणून बाई वाचल्या. उद्या दार बाहेरून लावून पेटवतील. नाव सौम्य ठेवलं की गुन्हा सौम्य वाटायला लागतो, आणि मग तो पोरांना जमायला लागतो." टाळ्या पडल्या. मलाही पटलं, मी छगनमामांच्या हाताकडे बघत होते. संदीप वकीलही चांगलं बोलले. "नाव कडक ठेवलं की ते कुणालाही लावता येतं. आज कॅनवाला, उद्या निवेदन घेऊन येणारा. ज्याच्या हातात लेबलं चिकटवायचं काम असतं तो बाटलीत काय आहे ते कधी बघत नाही." पुन्हा टाळ्या, तेवढ्याच. आणि दोघंही, बोलता बोलता, माझ्याकडे हात करायचे. या भगिनीच्या मनात काय निर्माण झालं! या भगिनीचं मनच सांगेल! माझ्या मनात दोघंही येरझारा घालत होते, बूट घालून. मला राग आला. इतका स्वच्छ राग मला कधी आला नव्हता. एवढी वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहीत आले, कार्यवाही सुरू आहे, कार्यवाही सुरू आहे, आणि आता माझ्या पोटात काय झालं त्याचंही वाक्य तयार मिळत होतं. सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. "यशोधराताई, एका शब्दात सांगा. ज्वाळा पाहिल्या तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"आनंद," मी म्हणाले.

एकदम सगळं सभागृह बोलायला लागलं, मोबाईल वर झाले, कुणीतरी "ए, ए!" म्हणून ओरडलं, पहिल्या रांगेतले आमचे साहेब उठून उभे राहिले. माझा आवाज काही केल्या थांबेना. मी म्हणाले, मी भ्याले नाही, ज्याने पेटवली त्याने मला डबा घ्यायला सांगितला, त्याने दारात चपला काढल्या होत्या, मी त्या चपला बघून हसत होते. म्हणाले, आग लावणं चूक आहे हे मला कळतं, शिक्षा व्हावी, पण माझ्या मनात जे नव्हतं त्याची नको. माझी नोकरी माझ्या डोळ्यांपुढून चालली होती आणि मला ती जाताना स्पष्ट दिसत होती, आणि तरी माझ्या अंगात इतका जोर होता की मला बसवेना. मागच्या दारापाशी भागूबाई उभी होती, पदर तोंडात. संदीप वकील हात उंच करून टाळ्या पिटत उठले. "ऐका, हा जनतेचा आनंद आहे!" मी म्हटलं, "बसा वकीलसाहेब. तो माझा आहे."

तेवढ्यात चौथ्या रांगेत छगनमामा उभे राहिले. बँडेजचा हात वर केला, शाळेत पोर करतं तसा. गलबला हळूहळू थांबला. मामा मोठ्याने बोलले नाहीत, पण ऐकू आलं. "बाई, आन् माजा हात?"

त्या क्षणी मला कळलं की मामांनी "भ्यालो" एवढं म्हटलं की माझं सगळं बोलणं धुऊन निघेल. न्यायाधीशांना मन पाहिजे, तर हे एक मन होतं, भ्यालेलं, भाजलेलं, दिवा लावून झोपणारं. वैजनाथराव पुढे झुकले; त्यांनाही ते कळलं होतं. भागूबाईलाही कळलं असावं, ती भिंतीला टेकली. मी मामांना बसा म्हणू शकले असते. ते बसले असते, ते कायम बसतात. मी ध्वनिक्षेपक पुढे केला. "मामा, वर या. तुमचं तुम्ही सांगा."

मामा आले. पायऱ्यांपाशी थांबले, आमच्या बुटा-चपलांच्या ओळीकडे बघितलं, आणि वाकून डाव्या हाताने चपलेचा पट्टा सोडायला लागले. एका हाताने तो सुटेना. सगळं सभागृह ते बघत होतं. मी मंचाच्या कडेला आले. आवाज चांगला खणखणीत निघाला. "मामा, घालून या."

त्यांनी वर बघितलं. समईकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. मग पट्टा तसाच सोडून ते पायरी चढले. लाकडी मंचावर त्यांच्या टायरच्या चपला खाडखाड वाजल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी ध्वनिक्षेपक डाव्या हातात धरला, उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"म्या भ्यालो," छगनमामा म्हणाले. "लई भ्यालो. अजून भ्यातो. आग समूर दिसती, झोप येत न्हाई." मागे भागूबाईने डोळे मिटले. "पोरांनला शिक्षा करा. पन बाई म्हनत्यात त्ये खरं हाय. म्या हात धरून भाईर आलो तवा बाई लिंबाखाली हुत्या. हासत हुत्या. म्या बघितलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पोलिसांनी इचारलं मला, बाई काय करत हुत्या. म्या सांगितलं, रडत हुत्या. बाईची नोकरी जाईल म्हनून."

ध्वनिक्षेपक त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि ते तिथेच उभे राहिले, चपला घालून, समईच्या शेजारी. मी त्यांच्या बाजूला अनवाणी. फरशीपेक्षा लाकूड गरम असतं असं मला वाटायचं, पण माझे पाय गार पडले होते.